पत्ते परत बघू नका

रात्री साडेअकराला, मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनो-बोटीवर, माझ्या हातात एक्का आणि गुलाम आले. एक बदामाचा, एक किलवरचा. ब्लाइंड, म्हणजे पाने बघण्याआधीच्या सक्तीच्या बोली, 100-200, प्रत्येकापुढे साधारण वीस हजारांच्या चिप्स. मी मधल्या खुर्चीतून 600 केले. लगेच डावीकडच्या गृहस्थांनी आवाज न करता 1800 पुढे सरकवले. बाकीच्यांनी पाने टाकली. मी पत्त्यांचे कोपरे उचलून पुन्हा पाहिलं, तोच एक्का, तोच गुलाम, आणि आणखी 1200 घातले. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पानांत, एक्का पडला तेव्हा मला आनंद झाला. त्या आनंदाचे सात हजार पडले, कारण त्यांच्याकडे एक्का-राजा होता.

डाव चालू असताना कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, हा टेबलाचा नियम. गृहस्थ सांगलीकडचे, बँकेत ऑडिट करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणत. चहाला उठलो तेव्हा म्हणाले, "पत्ते परत कशाला बघितलेत? मी वाढवल्यावर ते बदलणार होते का?"

पोकरमध्ये या दुसऱ्या वाढीला थ्री-बेट म्हणतात. ब्लाइंड ही पहिली बोली, माझी रेज दुसरी, त्यावरची तिसरी. दिवाळीत तीन पत्ती खेळून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांची इथेच गफलत होते. समोरच्याने चाल वाढवली की आपल्याला त्याची पाने बघायची खुमखुमी येते. इथे मात्र पुढे तीन फेऱ्या पैसे लावायचे असतात, आणि ते बघणं महाग पडतं.

काकांनी टिश्यू पेपरवर हिशेब मांडला. पहिली दोन पाने 1326 प्रकारांनी येऊ शकतात. त्यांत एक्क्यांची जोडी 6 प्रकारांनी, राजांची 6, राण्यांची 6 आणि एक्का-राजा 16. माझ्याच हातात एक एक्का असल्यामुळे एक्क्यांच्या जोड्या 3 उरतात आणि एक्का-राजा 12. बेरीज 27. "माझ्यासारखा म्हातारा तुमच्या मधल्या खुर्चीवरच्या रेजला वाढवतो, तो एवढ्याच पानांवर." या 27 समोर एक्का-गुलाम शेवटच्या पानापर्यंत नेला तरी जिंकायची शक्यता साधारण 25 टक्के. उलट बाजूला किंमत. पॉटमध्ये माझे 600, त्यांचे 1800 आणि ब्लाइंडचे 300, म्हणजे 2700. माझे 1200 धरून 3900. निदान 31 टक्के जिंकलो तरच व्यवहार बरोबरीत सुटतो. त्यात ते माझ्या डावीकडे, म्हणजे पुढच्या प्रत्येक फेरीत आधी मी बोलणार आणि ते ऐकून मग ठरवणार. फ्लॉप पडला की हाऊसचा रेकही कापला जातो. एवढं सगळं विरोधात असताना मी बघत होतो ते एक्क्याकडे.

टेबलावर पुण्या-मुंबईचे, बेंगळुरूचे, दिल्लीचे लोक होते. गोवेकर नव्हते, त्यांना 2020 पासून कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. बेंगळुरूचा पोरगा मोबाईलवर तयार झालेला. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यावर तो सुट्टी काढून इथे येऊ लागला, असं त्यानेच सांगितलं. तासाभराने मी बटनवर, म्हणजे सगळ्यांत शेवटी बोलायच्या जागी होतो. हातात इस्पिकचे राजा-राणी. मी 500 केले, त्याने बिग ब्लाइंडमधून 2000. आता किंमत जास्तच होती, 4100 च्या पॉटसाठी 1500, जवळजवळ 37 टक्के. पण बटनवरून लोक हलक्या पानांवरही रेज करतात हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे त्याच्या थ्री-बेटमध्येही हलकी पाने असणारच. शिवाय पुढे प्रत्येक वेळी आधी त्याला बोलायचं होतं. मी कॉल केला. फ्लॉपवर काहीच लागलं नाही, त्याने पुन्हा पैसे लावले, मी टाकले. दोन हजार गेले. काकांनी नंतर मान डोलावली: "हे बरोबर होतं."

मला हे पचायला वेळ लागला. हरूनही निर्णय बरोबर असू शकतो, हे बोलायला सोपं. खिशातून दोन हजार गेल्यावर मानायला कठीण.

मग मी काकांवरच लक्ष ठेवलं. पाचांची जोडी असताना कुणी वाढवलं, तर आधी त्याच्यापुढच्या चिप्स मोजायचे. फ्लॉपवर तिसरी पाच साडेआठ वेळांत एकदाच पडते. तेव्हा भरपूर मिळणार नसेल तर पाने टाकायची. एकदा त्यांनी त्याच पोराच्या 2000 वर 4500 केले. पोराने विचार केला आणि टाकले. काकांनी पाने उलटी करून दाखवली: चौकटचे एक्का-पाच. टेबल हसलं. यातही ऑडिटच होतं. आपल्या हातात एक्का असला की समोर एक्क्यांची जोडी असायची शक्यता निम्मी होते. आणि कॉल आलाच, तर एकाच रंगाची पाने फ्लश किंवा सरळ क्रमापर्यंत जाऊ शकतात. एक्का-गुलाम असा फेकायला जीव होत नाही, म्हणून तो जास्त बुडवतो.

पहाटे किनाऱ्याकडे येणाऱ्या फेरीबोटीत मी वहीत नोंद केली. सहा तास, अंदाजे दीडशे डाव. माझ्या रेजवर सात वेळा वाढ झाली. पहिल्यांदा चुकीचा कॉल, एकदा बरोबर कॉल, पाच वेळा पाने टाकली. त्या पाच वेळांत मिळून गेले सुमारे तीन हजार. पहिल्या एका कॉलने नेले त्याच्या दुपटीहून अधिक.

तेव्हा कुणी तुमच्यावर वाढवलं, तर आधी त्याची खुर्ची बघा, मग त्याच्या चिप्स, मग किंमत. पत्ते परत बघू नका. ते बदललेले नसतात.