श्रद्धांजलीचे अर्थशास्त्र

एखादा शिक्षक, लिपिक अथवा ऊसतोड मजूर अकाली निवर्तला, की त्याची वार्ता आज गावच्या पारावर येण्यापूर्वी भ्रमणध्वनीवरील गटांत पोहोचते. काही क्षणांतच दिवंगताचे हार घातलेले छायाचित्र झळकते आणि त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या दोन शब्दांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आलेल्या असतात. यावरून माणसे निष्ठुर झाली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो न्याय्य ठरणार नाही. शोक व्यक्त करण्यास पूर्वी जो वेळ, श्रम आणि पैसा लागे, तो आता लागत नाही. ज्या गोष्टीस काहीच खर्च पडत नाही तिचा पुरवठा अमाप वाढतो आणि तिचे मोल उतरते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम श्रद्धांजलीलाही लागू पडतो.

बीड जिल्ह्यातील खेड्यांत मृत्यू घडलेल्या घरची चूल पेटत नसे. शेजारीपाजारी आणि सोयरे भाकरी-पिठले घेऊन येत, सरणाची लाकडे जमवीत, तेराव्यापर्यंत घरातील गुराढोरांची काळजी वाहत. दुखवट्याला येणारा मनुष्य रिकाम्या हाताने येत नसे. अर्थात त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिला भावकीच्या आणि जातीच्या भिंती होत्या; गावकुसाबाहेरच्या घरातील दुःख गावकुसाच्या आत क्वचितच शिरले. आजचा गट एका शाळेचा, एका कार्यालयाचा किंवा एका तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांचा असतो आणि त्या भिंती तो सहज ओलांडतो. त्याची व्याप्ती मोठी आहे. उणीव आहे ती भार उचलण्याच्या रीतीची.

वर्गणी आणि नियम

ही उणीव किती महाग पडते, याचा अनुभव महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांनी घेतला आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर शासकीय सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. त्यांच्यापैकी जो सेवेत असताना मरण पावला, त्याच्या पत्नीस जुन्या नियमांचे कुटुंब निवृत्तिवेतनही दुरावले. मार्च २०२३ मधील संपानंतर राज्य शासनाने ते लागू केले. मधल्या सतरा वर्षांत अनेक ठिकाणी सहकाऱ्यांनीच वर्गणी काढून अशा घरांना हातभार लावला. आजही विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, कंत्राटी लिपिक आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांच्यामागे असे कोणतेही छत्र नाही.

तथापि ऐच्छिक वर्गणीत एक मोठा दोष असतो. ती दिवंगताच्या लोकप्रियतेवर जमते. संघटनेच्या पदाधिकाऱ्यासाठी लाख रुपये उभे राहतात. अबोल, एकलकोंड्या सहकाऱ्यासाठी हजारांवर गाडी अडते. लागोपाठ तीन मृत्यू झाले, की तिसऱ्या घराच्या वाट्याला देणाऱ्यांचा थकवा येतो. मृत्यूनंतर तरी सर्वांना समान मान मिळावा असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट भावनेवर न सोडता नियमावर सोपविली पाहिजे.

उत्तर प्रदेशातील शिक्षकांनी २०२० पासून असा प्रयोग चालविला आहे. ‘टीचर्स सेल्फ केअर टीम’ या नावाने परस्परांशी जोडले गेलेले हे शिक्षक, सभासदाच्या निधनाची खातरजमा झाली, की ठरलेली अल्प रक्कम थेट त्याच्या वारसाच्या बँक खात्यात भरतात. जो इतरांसाठी देत आला, त्याच्याच वारसास हक्क मिळतो. मध्ये कोणताही सामायिक निधी साठत नाही. पतसंस्था बुडून ठेवी अडकल्याचा घाव ज्या बीड जिल्ह्यात अजून ओला आहे, तेथे या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. दोन हजार सभासदांच्या गटाने प्रत्येकी ५० रुपये दिले, तर एका घरात १ लाख रुपये जातात. पन्नास रुपयांनी कोणाचा संसार अडत नाही. लाख रुपयांनी एखादा संसार सावरू शकतो.

उचल कोणी फेडावी?

या प्रश्नाची धार सर्वाधिक जाणवते ती ऊसतोड मजुरांच्या तांड्यात. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ आणि त्या जोडीने मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’. ऊसगाडीच्या अपघाताने किंवा फडातील सर्पदंशाने नवरा गेला, तरी उचल मरत नाही. अनेकदा ती विधवेच्या डोक्यावर तशीच राहते. टोळीच्या गटावर शंभर श्रद्धांजल्या आल्या, तरी त्या आकड्यातून एक रुपयाही वजा होत नाही.

या समाजाने आपल्या थोरांचे स्मरण मात्र मोठ्या निष्ठेने केले आहे. २०१४ मध्ये निधन पावलेल्या गोपीनाथ मुंडे यांच्या स्मृत्यर्थ परळीजवळ गोपीनाथगड उभा राहिला. त्यांच्याच नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे १० रुपये घेण्याची तरतूद आहे. संत भगवानबाबांच्या नावाने मजुरांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. गडावर माथा टेकणाऱ्याची भावना खरीच असते. पण एखाद्या मुलीची शाळा फडाच्या वाटेवर सुटत नाही, तेव्हा त्या नावाचे स्मारक दररोज नव्याने उभे राहते. थोरांच्या नावे जी रीत पडली, तिचा लाभ अनाम कोयत्यालाही मिळाला पाहिजे. उचल देतानाच तिचा विमा उतरविला जावा आणि मजुराच्या मृत्यूबरोबर त्याचे खाते मिटावे, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

शिक्षक आणि लिपिक यांना तर शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. गट आहेत, बँक खाती आहेत, हिशेब ठेवू शकणारे हातही आहेत. हवा आहे तो एक पानाचा लेखी नियम: रक्कम किती, खातरजमा कोणी करावयाची, वारस कोण आणि हिशेब कोठे लावावयाचा. श्रद्धांजलीचे दोन शब्द लिहावेत, अवश्य लिहावेत. मात्र ते लिहिणाऱ्या हाताने दिवंगताच्या घरातील भाराला थोडा तरी खांदा द्यावा. तिरडीला खांदा देणारे चौघे असतात; मागे उरलेल्या संसाराला खांदा देण्यास सारा गट पुढे येऊ शकतो.