मातृमृत्यूची चौकशी : सत्य आणि शिक्षेचे भय

मातृमृत्यूचे प्रमाण किती स्त्रिया गेल्या हे सांगते. त्या का गेल्या, हे सांगत नाही. हे कारण शोधण्याचे कार्य शासनाने पत्करले म्हणजे एक पेच उभा राहतो. अखेरच्या प्रहरांचे ज्ञान ज्या डॉक्टरांस व परिचारिकांस असते, त्यांस शिक्षेचे भय वाटल्यास त्यांची साक्ष मोकळी राहत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये १९५२ साली सुरू झालेल्या गोपनीय चौकशीने हा पेच गोपनीयतेच्या मार्गाने सोडविला. सुईण, कुटुंबाचा डॉक्टर व रुग्णालय यांजकडून माहिती घेतली जाई. प्रसूतिशास्त्रातील तज्ज्ञ तिची छाननी करीत. अहवालात कोणाचेही नाव येत नसे. १९५२ ते १९५४ या काळाचा पहिला अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूस कारणीभूत झालेल्या 'टाळता येण्याजोग्या गोष्टी' निश्चित करणे हा त्याचा गाभा होय. गर्भवतीने तपासणीस न येणे हेही त्यांत मोडे. म्हणजे रोख अपराध्यावर नसून उणिवेवर होता.

भारतात केंद्र शासनाने २०१० साली मातृमृत्यू-परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१७ साली ती सुधारली. रुग्णालयीन चौकशीच्या जोडीला घरी जाऊन करावयाची चौकशी त्यांत आहे. जिल्हाधिकाऱ्यांपुढील बैठकीत नातलगांस बोलावण्याचीही तरतूद आहे. ही तरतूद महत्त्वाची आहे. घरून निघण्यास झालेला विलंब आणि वाटेत वाहनाअभावी गेलेला वेळ रुग्णालयाच्या कागदांत क्वचितच उमटतो. तो नातलगांसच ठाऊक असतो. उलट, रक्त मिळण्यास उशीर का झाला, हे रुग्णालयातील माणसेच सांगू शकतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकाराची छाया मात्र येथे चौकशीवर पडते, आणि परीक्षण म्हणजे दोषारोप अशी समजूत झाली की नोंदच टाळली जाण्याचा धोका उद्भवतो.

२०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातृमृत्यूचे प्रमाण भारतात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. मृत्यू जसे विरळ होतात, तसे एकट्या जिल्ह्यास त्यांवरून निष्कर्ष काढणे अवघड जाते. म्हणून मरणाच्या दारातून परतलेल्या मातांच्या परीक्षणाचीही तत्त्वे २०१४ साली निघाली. अशी स्त्री स्वतःच्या तोंडाने हकीकत सांगू शकते, हा त्या पद्धतीचा मोठा लाभ होय.

तात्पर्य, नातलगांस न्याय मागण्याचा हक्क आहेच. परंतु त्याचे स्थान न्यायालय होय. परीक्षणसमितीने न्यायासन बळकावले, तर पुढील मातेस वाचविणारे सत्य तिच्यापुढे येणार नाही.