बोलावलं खरं, पण आवरायचं कुणी?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या डावात जादूगाराने धूप जाळून वायूचा एलिमेंटल, म्हणजे वायुतत्त्वाचा जीव, बोलावला, की सोबतचे खेळाडू आधी खूश होतात आणि मग जरा सरकून बसतात. २०१४च्या नियमपुस्तकात हा पाचव्या पातळीचा मंत्र. जपायला एक मिनिट लागतं, मग तासभर अख्खी वावटळ हुकमाची ताबेदार. अट एवढीच, की जादूगाराची एकाग्रता टिकली पाहिजे.

ती मोडायला एक बाण पुरतो. बाण लागला की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात जादूगाराच्या काटकपणाचे गुण मिळवायचे. बेरीज किमान १० हवी, घाव मोठा असेल तर घावाच्या निम्मी. गुण २ असतील आणि फाशावर ७ पडले, तर बेरीज ९. ताबा सुटला! एलिमेंटल मात्र जात नाही. तास भरेपर्यंत तो तिथेच, आता शत्रू म्हणून. आणि त्याला परत धाडणं बोलावणाऱ्याच्याही हातात नसतं.

१९८९ साली आलेल्या ‘शॅडोरन’ या अशाच दुसऱ्या खेळाचा हिशेब वेगळा, जवळजवळ सावकारी. त्याच्या चौथ्या आवृत्तीत जादूगार आणि त्याने बोलावलेला आत्मा दोघांच्या नावाने सहा बाजूंचे फासे पडतात. ५ किंवा ६ आला की यश. आत्म्यापेक्षा जितकी यशं जास्त, तितकी कामं तो करणार. जादूगाराची ३ आणि आत्म्याचं १, तर दोन कामं. शिवाय आत्म्याच्या यशांच्या दुप्पट थकवा जादूगाराला सोसावा लागतो, काम मिळो न मिळो. झेपणार नाही एवढा बलवान आत्मा बोलावला, तर थकव्याच्या जागी थेट शारीरिक इजा. हाव अंगाशी येते ती अशी.

‘डंजन्स’वाल्यांची अडचण भलतीच होती: वेळ. दुसऱ्या एका मंत्राने आठ लांडगे आले, की आठ जणांच्या चाली, आठ हल्ले, आणि बाकीचे जांभया देत बसलेले. म्हणून २०२०च्या पुस्तकातल्या नव्या मंत्रांनी एकच आत्मा येतो, एकाग्रता मोडताच नाहीसा होतो. २०२४मध्ये एलिमेंटलही माणसाळला. जवळ येणाऱ्याला तो इजा करतो, पण बिथरून धन्यावर उलटत नाही.

डाव भराभर चालतो, हे कबूल. पण बाण लागल्यावर त्या एका फाशाकडे अख्खं टेबल श्वास रोखून बघायचं, ती मजा या सुधारणेत गेली.