श्रद्धेची परिभाषा : लेखांक सातवा – तारण

मिरचीचा हंगाम भरात आला, की भिवापूरच्या आसपासच्या सातऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या आवारांवर, लाल मिरची उन्हात पसरलेली दिसते, आणि तिच्या कडेने ओळीने बसून देठ खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग रात्री भाकरी थापतानाही शमत नाही. ज्या मिरचीने ह्या गावाचे नाव दूरवर नेले आणि भौगोलिक मानांकनाच्या सरकारी दप्तरातही चढवले, तिच्याविषयी लिहिण्याचा मोह आवरून आज मी येथल्या बाजारात त्याच दिवसांत वारंवार कानी पडणाऱ्या एका शब्दाकडे वळतो. 'सोयाबीन तारण ठेवले', 'तूर तारणातून सोडवायची आहे', 'तारणावाचून कर्जाची गोष्ट काढू नका' अशी ती भाषा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 सालापासून बाजार समित्यांमार्फत चालत आली आहे. सुगीत भाव पडलेले असताना शेतकऱ्याने आपले सोयाबीन, तूर, हरभरा किंवा धान गोदामात ठेवावे, बाजारभावाच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलावी, आणि भाव चढल्यावर रक्कम भरून माल मोकळा करून घ्यावा, असा तिचा साधा व्यवहार. माल आपला, पण कुलूप दुसऱ्याचे, ही त्या सहा महिन्यांतली स्थिती ज्याने भोगली आहे त्याला 'तारण' ह्या शब्दाचा अर्थ कोशातून शोधावा लागत नाही.

आणि रविवारी नागपुरातल्या कोणत्याही मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत जाऊन बसावे, तर तोच शब्द पाळकाच्या तोंडी, प्रार्थनेत, गीतांत आणि साक्षीत पुन्हा पुन्हा येतो. 'प्रभू येशू माझा तारणारा', 'अमुक साली माझे तारण झाले', 'तारण पावलेला माणूस'. बाजारातले तारण आपण ठेवायचे असते, मंडळीतले आपल्याला मिळायचे असते. मग हा शब्द एकच की दोन, असा प्रश्न मागील लेखांकानंतर एका वाचकाने केला, आणि प्रश्न इतका रास्त आहे की आजचा सारा लेखांक त्यालाच द्यावा असे मला वाटले.

संस्कृतातल्या 'तृ' म्हणजे तरून जाणे ह्या धातूचे कूळ मराठीत मोठे आहे. तारू त्यातलेच, तारक त्यातलाच, तीर्थ आणि अवतार हेही त्याच घरचे. भवसागर तरून जाण्याची कल्पना वारकऱ्याच्या कानाला इतकी सरावलेली, की ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी तारण हा शब्द हाती घेतला तेव्हा मराठी माणसाच्या मनात आपोआप एक नदी, एक नाव आणि एक नावाडी उभा राहिला असला पाहिजे. ही पहिल्या पिढीची मंडळी शब्दांच्या बाबतीत गाफील नव्हती; बाबा पदमनजींसारखा, 1854 साली बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य, पुढे मोल्सवर्थच्या थोरल्या कोशाचा संक्षेप करायला बसला आणि 1863 साली तो छापून मोकळा झाला. मात्र बायबलातली मूळ प्रतिमा नदीपेक्षा बाजाराच्या जवळची आहे. तेथे गुलामाचे मोल देऊन त्याला सोडवणे आहे, गहाण पडलेले वतन नातलगाने पैसे भरून परत मिळवणे आहे, देणे आहे आणि देण्याचा कागद आहे. नदी आणि कर्ज ही दोन्ही चित्रे मराठीतला एकच शब्द पोटात घेतो. इतर भाषांच्या वाट्याला असा योग सहसा येत नाही.

ह्याच्या उलट दुसऱ्या एका शब्दाने दगा दिला आहे, तोही येथेच सांगून टाकतो. येशूने आपला जीव पुष्कळांच्या मुक्तीसाठी द्यायला आलो असे म्हटले, त्या मार्काच्या शुभवर्तमानातल्या वाक्यात ग्रीक शब्द आहे 'लुत्रोन', म्हणजे बंदिवान किंवा दास सोडवण्यासाठी मोजलेले मोल. मराठी भाषांतरकारांनी त्याला 'खंडणी' म्हटले. भोसल्यांच्या नागपुरात हा शब्द राजकारणाचा होता. आज तो वर्तमानपत्राच्या गुन्हेगारी वृत्तातला झाला असून, तरुण वाचकाच्या डोळ्यांपुढे तो वाचताच एखादा गुंड आणि धमकीचा दूरध्वनी उभा राहतो. भाषांतरकारांचा ह्यात दोष नाही, शब्दच त्यांच्या पाठीमागे बिघडला. परंतु ही खंडणी दिली तरी कोणाला, हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. सैतानाला, असे तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनने सुचवले. सैतानाचा हक्कच कसला, देणे होते ते देवाच्या मानाचे, असे अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मने मांडले. आणि वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला त्या वादात फारसे स्वारस्य नाही, कारण रूपक ताणले की फाटते.

कागदाचे रूपक मात्र ताणण्याजोगे आहे. माझ्या आजोबांच्या लाकडी पेटीत तळाशी एक गहाणखत होते, मालगुजारीच्या काळातले, मुद्रांकाच्या जाड कागदावर काळ्या शाईने लिहिलेले, घड्यांच्या जागी जीर्ण होऊन चार तुकड्यांच्या बेतात आलेले. पुढच्या बाजूस चतुःसीमेसह शेताचे वर्णन, खाली आजोबांच्या वडिलांच्या डाव्या अंगठ्याचे निशाण आणि दोन साक्षीदार. पाठीमागे वसुलाच्या नोंदी, कधी आठ रुपये, कधी पाच, आणि दोन साली नुसतीच रेघ. पण त्या कागदात मला लहानपणापासून जे सर्वांत मोठे वाटे ते लिहिलेले नव्हतेच. वरचा उजवा कोपरा फाडलेला होता. देणे बेबाक झाले, की सावकार खताचा कोपरा फाडून ते कुळाच्या हाती देई. पावती वेगळी मिळो न मिळो, फाटका कोपरा हीच फारकती. आजी सांगे, की तो कागद घरी आला त्या दिवशी पणजोबांनी शेताला एक फेरी मारली, काही काम नसताना.

पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात नेमका हाच कागद आहे. आपल्याविरुद्ध असलेले ऋणपत्र देवाने खोडून वधस्तंभाला खिळून टाकले, असा त्याचा आशय. आणि तेथे त्याने वापरलेला ग्रीक शब्द आहे 'खैरोग्राफोन', अक्षरशः 'हाताचे लिहिणे', म्हणजे ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कबुली. फारसीत दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे लिहिणे. आमच्या कचेऱ्यांतला 'दस्तखत' हा शब्द त्या ग्रीक शब्दाची जशी काही सावलीच आहे. पौलाने पापाला कलंक म्हटले नाही, रोग म्हटले नाही, ह्या ठिकाणी तरी त्याने त्याला आपल्याच सहीचा कागद म्हटले. तो दुसऱ्या कोणी आपल्यावर लादलेला नाही. म्हणूनच तो आपल्याला नाकारता येत नाही, आणि फेडताही येत नाही.

फेडता का येत नाही, ह्याचा हिशेब येशूने स्वतः एका दृष्टांतात घालून दिला आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत निघत होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे रोजमजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा देणे झाले सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, आणि वर्षाकाठी तीनशे दिवस काम मिळाले असे उदारपणे धरले तरी दोन लाख वर्षांचे. चाकर गुडघे टेकून म्हणतो, मला मुदत द्या, सगळे फेडीन. ऐकणारे गालिलातले कोळी आणि शेतकरी येथे हसले असतील अशी माझी समजूत आहे. 1933 साली आमच्या मध्यप्रांतात कर्ज-समझोत्याचा कायदा झाला आणि सावकार व कुळे समझोता मंडळांपुढे उभी राहिली. मुद्दल अमुक, व्याजात इतकी सूट, उरलेल्याचे इतके हप्ते, असे तेथले निवाडे. ते आपल्या परीने न्यायाचेच होते. परंतु दृष्टांतातला राजा हप्ते बांधून देत नाही. तो सारे देणे सोडतो, म्हणजे तो तोटा स्वतःच्या खजिन्यातून सोसतो, आणि ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे की वधस्तंभ हा त्या सोसण्याचा प्रसंग. बाजारात कुळाने तारण ठेवायचे असते. येथे धनकोच जामीन राहिला. 'कृपा' ह्या शब्दाला ह्याहून वेगळा अर्थ मला ठाऊक नाही.

तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांच्या, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांच्या मजुरीच्या देण्यासाठी सोबत्याचा गळा धरतो. कागद सुटला होता, हात सुटला नव्हता. आमच्या कित्येक प्रवचनांत तारणाची गोष्ट कोपरा फाडण्यापाशी संपते, ती मला नेहमी अर्धी वाटत आली आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू मेंढवाड्याचे दार आणि मेंढपाळ अशा दोन्ही प्रतिमा स्वतःला लावतो आणि म्हणतो, की चोर येतो तो लुटायला, मी आलो तो मेंढरांना जीवन मिळावे, आणि तेही भरभरून मिळावे म्हणून. गहाणातून सुटलेले शेत पडीक ठेवण्यासाठी कोणी सोडवत नाही. ह्या भरभरून जीवनाचा अर्थ अलीकडे काही उपदेशक धनधान्य, नोकरी आणि दुखण्यातून तत्काळ सुटका असा लावू लागले आहेत. त्यांच्या सभांना गर्दी होते, आणि गरजू माणसाने तेथे जावे ह्यात मी त्याला दोष देत नाही. पण ज्यांनी ते जीवन मराठीत जगून दाखवले त्यांची चरित्रे ह्या अर्थाला साक्ष देत नाहीत.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. आणि तरीही पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मिळाला. नोंद एका साली झाली, ताबा दुसऱ्या साली. 1896-97 च्या दुष्काळात त्या आमच्याच मध्यप्रांतात येऊन उपाशी, अनाथ मुली आणि विधवा गोळा करून घेऊन गेल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावला जे घर उभे राहिले त्याचे नाव त्यांनी 'मुक्ती' ठेवले. तेथे विपुलता होती ती माणसांची, कामाची आणि चिंतांची.

दुसरी कथा नारायण वामन टिळकांची, आणि तिचा आरंभ नागपूरच्या रेल्वेतला आहे. टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, आणि डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आप्त तुटले, आणि पत्नी लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे दुरावल्या. येथे मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: टिळकांच्या तारणाचे कित्येक हप्ते लक्ष्मीबाईंनी भरले, तेही स्वतःचे काही देणे नसताना, आणि 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्या हिशेबाकडे डोळेझाक करता येत नाही. त्या पुस्तकाचा मोठेपणा हा, की बाई तो हिशेब हसत हसत मांडतात. पुढे शिवाशिवीचा विचार त्यांच्या मनातून गळून पडला तो नवऱ्याच्या आग्रहाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नंतरच्या त्यांच्या संसारात पैसा कधी टिकला नाही, परकी मुले मात्र टिकली. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगारही सोडला, साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, आणि 9 मे 1919 रोजी ते वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरेच राहिले होते. ते पुरे करायला लक्ष्मीबाई बसल्या, ज्यांचे शालेय शिक्षण असे काही झालेलेच नव्हते.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर योहानाच्या त्या भरभरून जीवनाच्या वाक्यावर मराठीत झालेले उत्तम भाष्य म्हणजे टिळकांच्या त्या गजबजलेल्या, उधारीवर चाललेल्या घराचे वर्णन होय.

आता वाचकाचा प्रश्न. शब्द एकच आहे. फरक आहे तो तारण कोण ठेवतो एवढ्यात. 'मुदत द्या, सगळे फेडीन' म्हणणाऱ्या चाकराविषयी आणखी पुष्कळ लिहिण्याजोगे आहे, कारण आपण बहुतेक जण प्रार्थनेत तेच म्हणत असतो. ते पुढील आठवड्यात 'पश्चात्ताप' ह्या शब्दाच्या निमित्ताने लिहीन. तोवर मत्तयाचा अठरावा आणि योहानाचा दहावा असे दोन अध्याय वाचकांनी एका बैठकीत वाचून ठेवावेत, आणि कोणाच्या घरी कोपरा फाडलेले जुने खत असेल, तर ते रद्दीत घालू नये.