दोन थर, दोन झोके

मराठी विश्वकोशाचे काम वाईहून चालते. त्यात ‘चुंबकत्व’ अशी नोंद आहे. लोहचुंबकात अणूंचे इवलेसे चुंबक एकाच दिशेला तोंड करतात, तर प्रतिलोहचुंबकात शेजारी शेजारी उलटसुलट. ही नोंद छापून झाल्यावर, १९८६ साली, पीटर ग्रुनबर्ग यांनी लोखंडाच्या दोन अतिपातळ थरांमध्ये क्रोमियमचा थर ठेवला. लोखंडाचे थर आपोआप परस्परविरुद्ध चुंबकित झाले! अणूंमधली उलटसुलट मांडणी इथे थराथरांत घडवलेली, म्हणून हे ‘कृत्रिम प्रतिलोहचुंबक’.

चुंबकातला एक अणू कलला की शेजारचा कलतो, मग त्याच्या शेजारचा. अशी लाट पसरते हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये मांडले. प्रकाशाचा पुंज जसा फोटॉन, तसा या लाटेचा पुंज मॅग्नॉन. पण दोन थरांतले मॅग्नॉन एकमेकांवर परिणाम करतात म्हणजे काय? याचे उत्तर वर्गातच पाहू.

दोन खुर्च्यांमध्ये सुतळी बांधा आणि तिला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगा. झोके सुतळीला काटकोनात द्यायचे. दोघांना बरोबर सोडा: ते बरोबरच झुलतात. विरुद्ध बाजूंनी सोडा: विरुद्धच झुलत राहतात, आणि जरा जलद. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळत नाहीत. आता एका लंबकाचा दोरा थोडा आखडा आणि पुन्हा बरोबर सोडा. थोड्याच वेळात त्यांची साथ सुटते; एका प्रकारातली ऊर्जा दुसऱ्यात जाऊ लागते. (मुलांना आधी अंदाज करायला सांगावे, बहुतेकांचा चुकतो.)

थरांतही हेच दोन प्रकार असतात. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र वाढवले की एकाची वारंवारता चढते, दुसऱ्याची उतरते. आलेखात दोन्ही रेषा कुठेतरी भेटणारच. थर अगदी सारखे आणि क्षेत्र थरांच्या पातळीतच असेल, तर त्या सरळ एकमेकींना छेदून जातात. सममिती मोडली, म्हणजे थर असमान केले किंवा क्षेत्र पातळीबाहेर कलवले, तर दोन्ही प्रकार मिसळतात आणि रेषा भेटण्याआधीच वळतात. कोबाल्ट-लोह-बोरॉनच्या दोन थरांमध्ये रुथेनियम ठेवून २०२० साली हे प्रयोगात दिसले. क्षेत्र किती तिरपे धरले, त्यावर दोन रेषांमधली फट किती रुंद होणार हे ठरते.