दवाखान्यातले मूल आणि खेळ

देवगाव फाट्यावर परभणीच्या एस.टी.ची वाट पाहणारी आई कडेवरच्या आजारी लेकराला सांगते, “दवाखान्यात नाही रे, बाजाराला चाललोत.” तिचा हेतू चांगलाच, पण पुढे सुई टोचली की त्या लेकराचा डॉक्टरांवरचाच नव्हे, आईवरचाही विश्वास उडतो.

मोठा माणूस भीती बोलून दाखवतो. मूल ती खेळून दाखवते. १९५९ साली ब्रिटनमधील प्लॅट समितीने शिफारस केली, की रुग्णालयात आईबापांना मुलांजवळ येऊ द्यावे आणि मुलांना खेळ व शिक्षण मिळावे. पुढे तेथे याच कामाचे शिक्षण घेतलेले खेळतज्ज्ञ नेमले जाऊ लागले.

हा खेळतज्ज्ञ करतो काय? शस्त्रक्रियेआधी तो मुलाच्या हाती बाहुली, पट्टी आणि बिनसुईची पिचकारी देतो. मूल होते डॉक्टर, बाहुली रोगी. काय होणार ते मुलाला खेळता खेळता कळते. आणि त्याला कशाची धास्ती आहे, ते तज्ज्ञाला कळते. ‘मी खोड्या केल्या म्हणून मला इथं आणलं,’ असेही कित्येक मुलांना वाटत असते! सुई टोचताना तो साबणाचे फुगे उडवायला लावतो. लक्ष तिकडे जाते.

आपल्याकडे असा तज्ज्ञ क्वचितच भेटेल. पण चिंधीची बाहुली तर घरोघरी होते! गुरुजींनी वर्गात भातुकलीसारखा ‘दवाखाना-दवाखाना’ मांडावा. आणि आईने खरे तेच सांगावे, “थोडं दुखेल, पण मी जवळच आहे.” असे म्हणून खरोखरच जवळ राहावे.