वर वीस हजार किलोमीटर, खाली आठ मिलिमीटर

समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा पावणेआठ किलोमीटरहून थोडा लांब आहे. गाडी आत शिरली की डोक्यावरचं आकाश नाहीसं होतं, आणि आकाशाबरोबर उपग्रहही. तरी ज्या गाडीत कंपनीनेच नीट जोडलेली नॅव्हिगेशन प्रणाली असते, तिच्या पडद्यावरचा बाण बोगद्यात पुढे सरकत राहतो. त्या काही मिनिटांत गाडी चाकाच्या फेऱ्या मोजत असते.

१९५/६५ आर१५ हा आपल्याकडच्या मोटारींना बसणारा टायर घ्या. त्याचा घेर जवळपास दोन मीटर असतो, म्हणजे किलोमीटरला ५०० फेऱ्या आणि बोगदा ओलांडायला सुमारे ३,९००. एबीएससाठी प्रत्येक चाकाजवळ बसवलेला संवेदक या फेऱ्या मोजतो, गाडी किती वळली ते दुसरा संवेदक सांगतो, आणि दोन्हींची सांगड घालून बाण पुढे नेला जातो. पण टायर झिजतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते आणि १.६ मिलिमीटरला टायर कायद्याने बाद होतो. या दोन टोकांमध्ये चाकाची त्रिज्या सुमारे २ टक्क्यांनी घटते. पावणेआठ किलोमीटरचे २ टक्के म्हणजे दीडशे मीटर. नव्या टायरचा घेर गृहीत धरून मोजत राहिलं, तर गोटा झालेल्या टायरची गाडी बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी येईपर्यंत पडद्यावर दीडशे मीटर पुढे गेलेली असेल. म्हणून चांगली प्रणाली उघड्या रस्त्यावर असताना उपग्रहांच्या मदतीने चाकाचा घेर सतत नव्याने ठरवत राहते. बाहेर उपग्रह चाकाचं माप घेतात, आत चाक उपग्रहांची जागा चालवतं. मला ही देवाणघेवाण फार मोलाची वाटते, कारण तिच्या एका टोकाला माणसाने बनवलेलं सर्वांत अचूक यंत्र आहे आणि दुसऱ्या टोकाला रबर.

आधी वरचं टोक पाहू. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला जवळपास ३.९ किलोमीटर वेगाने फिरतात. उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी त्याचा संदेश गाडीपर्यंत यायला सुमारे ६७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात उपग्रह स्वतः २६० मीटर पुढे सरकलेला असतो आणि ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी पावणेदोन मीटरहून अधिक. म्हणजे प्रत्येक संदेश एका जुन्या जागेहून निघतो आणि हलत्या माणसाला गाठतो. संदेशात मुख्यतः एकच गोष्ट असते, ‘मी निघालो तेव्हा इतके वाजले होते’. पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. अक्षांश, रेखांश, उंची आणि गाडीतल्या स्वस्त घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टी सोडवायच्या असल्यामुळे किमान चार उपग्रह दिसावे लागतात.

प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात, ३० सेंटिमीटर जातो. घड्याळ एक लक्षांश सेकंद चुकलं तर अंतर तीन किलोमीटरनी चुकतं. त्यासाठी उपग्रहांवर अणुघड्याळं बसवली, आणि तिथे आइनस्टाइन आडवा आला. वेगाने फिरणारं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापासून दूर असलेलं घड्याळ रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. दोन्हींचा हिशेब करता उपग्रहाचं घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त अंतर कापतो.

१९७७ मध्ये एनटीएस-२ हा प्रायोगिक उपग्रह सोडताना हा फरक खरोखर पडेल का, याबद्दल काही जणांच्या मनात शंका होती. म्हणून घड्याळाबरोबर दुरुस्तीची एक यंत्रणा बसवली, पण ती बंद ठेवून उपग्रह वर पाठवला. वीस दिवस नुसतं मोजलं. सिद्धांताने सांगितलं होतं की घड्याळ एक लाख कोटींत, म्हणजे एकावर बारा शून्यांत, ४४६.५ भागांनी पुढे धावेल. प्रत्यक्षात ते ४४२.५ भागांनी धावलं. मग यंत्रणा सुरू केली. आज जीपीएस उपग्रहाच्या घड्याळाची मूळ गती कारखान्यातच किंचित कमी ठेवतात. १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३. नवव्या दशांश स्थळापासूनची ही खाडाखोड केल्याशिवाय कोणाचीही गाडी समृद्धीच्या योग्य इंटरचेंजला उतरणार नाही.

संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा किती क्षीण असतो? एका वॅटचे दहा कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा कोटी करा. त्यातला जेमतेम एक-दीड भाग आपल्या अँटेनाच्या वाट्याला येतो. तो भोवतालच्या विद्युत गोंगाटाखाली गाडलेला असतो, आणि ठरलेला सांकेतिक क्रम जुळवून जुळवून त्याला वर काढावं लागतं. मे २००० पर्यंत अमेरिकेचं लष्कर नागरी वापरासाठीचा संदेश मुद्दाम बिघडवत असे, त्यामुळे चूक शंभर मीटरपर्यंत जाई. तो बिघाड काढून टाकला आणि गाडीत नकाशा ठेवणं कामाचं ठरलं. आज रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रह आहेत आणि आपल्या नाविकचेही. नाविकची मालिका २०१३ पासून श्रीहरिकोटाहून वर जाऊ लागली आणि तिचे उपग्रह जीपीएसहून कितीतरी उंच, ३६,००० किलोमीटरच्या आसपास असतात.

एवढं सगळं करून मोबाइलला उघड्या आकाशाखाली मिळणारी अचूकता साधारण पाच मीटर. द्रुतगती महामार्गाची एक लेन पावणेचार मीटरची. म्हणजे आपण उड्डाणपुलावर आहोत की शेजारच्या सर्व्हिस रोडवर, हेसुद्धा उपग्रहाला कधीकधी खात्रीने सांगता येत नाही. लेन ओळखायची तर गाडीला स्वतःचे डोळे लागतात.

ते डोळे आता आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या गाड्यांतही आले आहेत. ज्याला सगळे ‘एडास’ म्हणतात, त्यात पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो आणि बंपरमागे रडार. रडारच्या लहरी सेकंदाला ७,७०० कोटी वेळा कंप पावतात. शंभर मीटर पुढच्या ट्रकवर आदळून त्या परत येतात, त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी, सुमारे ०.६७ मायक्रोसेकंद लागतो. ट्रक आणि आपल्यातलं अंतर सेकंदाला एक मीटर या चालण्याच्या वेगाने कमी होत असेल, तर परतलेल्या लहरीच्या कंपनांत ५१३ चा फरक पडतो. ७,७०० कोटींत ५१३! हा फरक गाडी ओळखते आणि त्यावरून समोरच्याचा वेग सांगते.

कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो असं धरलं, तर शंभरच्या वेगाने दोन चित्रांच्या मध्ये गाडी ९३ सेंटिमीटर पुढे जाते. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद लागतो असं धरतात. त्यात गाडी ४२ मीटर गेलेली असते. यंत्राची खरी कमाई या ४२ मीटरमध्ये आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दर तासाला एकोणीस. यातली काही जरी त्या ४२ मीटरमुळे वाचणार असतील, तर हे तंत्र शक्य तितक्या लवकर सर्वांत स्वस्त गाडीत आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मात्र त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसलेले असतील तर लेन सांभाळणारी यंत्रणा आंधळी होते. रडारला पूल, फलक, कठडे अशा असंख्य स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी सतत येत असतात. ते गाळताना रस्त्याकडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रक ओळखणं अनेक प्रणालींना जड जातं, आणि आपल्या महामार्गांवर रात्री असे ट्रक असतात. आज आपल्याकडे विकलं जाणारं एडास फार तर दुसऱ्या पातळीचं आहे. या पातळीवर हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावरच ठेवायची असते, आणि जबाबदारी चालकाचीच राहते.

पण सगळं अचूक झालं असं समजू. रडारने पाहिलं, संगणकाने ठरवलं, ब्रेक लागले. आता गाडी कोण थांबवणार?

माणसांसकट १,४०० किलो वजनाची मोटार घ्या. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.३ किलो. भागाकार केला की उत्तर येतं ६०० चौरस सेंटिमीटर. चारही टायर मिळून जमिनीला एवढेच टेकलेले असतात, झेरॉक्सच्या ए-फोर कागदाच्या एका पानाएवढे. उपग्रह, अणुघड्याळ, रडार, कॅमेरा या सगळ्यांचा हुकूम शेवटी त्या पानापुढे येतो आणि रस्त्याला घट्ट धरायचं की नाही ते तिथे ठरतं. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने शंभरच्या वेगातून थांबायला सुमारे ५० मीटर लागतात. पकड निम्मी झाली की शंभर मीटर. रडारने वाचवलेले ४२ मीटर गुळगुळीत टायर एका पावसात परत घेतो, आणि वर काही मीटर जास्त.

त्या टायरवर काय गुदरतं ते पाहा. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. त्याच्या बाहेरच्या कडेवर गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पट ओढ असते, म्हणजे नक्षीत अडकलेला दहा ग्रॅमचा खडा अडीच किलोच्या ताकदीने बाहेर खेचला जातो. चाळीस हजार किलोमीटरमध्ये चाक दोन कोटी फेऱ्या मारतं आणि ६.४ मिलिमीटर झिजतं. भागाकार केला तर एका फेरीला ०.३२ नॅनोमीटर रबर जातं. ही जाडी दोन-तीन अणूंची आहे. दर फेरीला दोन-तीन अणूंची जाडी रस्त्याला देत देत टायर आपलं वजन किलोभराहून अधिक घटवतो.

पावसात त्याला आणखी एक काम असतं. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आणि टायरची टेकणारी रुंदी पंधरा सेंटिमीटर धरली, तर शंभरच्या वेगाला पुढच्या प्रत्येक टायरला सेकंदाला साडेबारा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ते नक्षीच्या खाचांतून जातं. खाचा नसल्या की पाणी टायरखालीच अडकतं आणि गाडी तरंगू लागते. अमेरिकेत नासाच्या अभियंत्यांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून दाखवलं की ज्या वेगाला चाक तरंगतं तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. मोटारीला हे सूत्र अंदाजानेच लागू पडतं, तरी दिशा स्पष्ट आहे. ३३ पीएसआयला तो वेग ९५ च्या आसपास निघतो, २२ पीएसआयला ७८.

आता एका समजुतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना कित्येक जण हवा मुद्दाम कमी ठेवतात, तापून फुगेल आणि फुटेल या भीतीने. पहाटे तीस अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा टायर सत्तर अंशांपर्यंत तापला तर ३९ च्या आसपास जाते. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. खरा धोका कमी हवेचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, आणि सेकंदाला चौदा वेळा वाकलेलं रबर आतून तापतं. समृद्धीच्या नागपूर ते आमणे या ७०१ किलोमीटरमध्ये असं साडेतीन लाख वेळा होतं. कारला मुभा असलेल्या १२० च्या वेगाला ते आणखी जलद होतं. शेवटी रबर आणि आतल्या तारांची पकड सुटते, आणि आपण म्हणतो टायर अचानक फुटला. समृद्धी सुरू झाल्यावर आरटीओने प्रवेशाच्या नाक्यांवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते अगदी योग्य होतं. ते रोज व्हावं.

नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायलाच हवेत असं नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला मात्र शिका. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तुमच्या गाडीसाठी हवेचा आकडा छापलेला आहे, पंपावरच्या मुलाला तोच सांगा. हवा टायर थंड असताना, निघण्यापूर्वी, दर पंधरा दिवसांनी तपासा, कारण काहीही न होता टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जातेच. आणि दर वेळी स्टेपनीचीही तपासून घ्या.